उरलेल्या अडतीसांना कुणाला दाखवू?

मॅडम,

गेल्या सोमवारी शाळेतून फोन आला. मी भोकरच्या डेपोत होते, पुढच्या फेरीला तास-दीड तास अवकाश होता, आणि रेस्टरूमच्या बाकावर डबा उघडून बसले होते. बोलणारे सर नवीन होते, आवाजावरून पंचविशीतले असतील. म्हणाले, शाळेला पन्नास वर्षं होतायत, माजी विद्यार्थ्यांची यादी करतोय, कोण काय करतं ते लिहायचंय. दहावीला शाळेत पहिल्या आलेल्यांपासून सुरुवात केलीय. मग त्यांनी विचारलं, "सध्या काय करता मॅडम?" मी म्हटलं, "कंडक्टर आहे." मग घाईघाईनं म्हणाले, "छान, छान. मग आपण 'शासकीय सेवा' असं लिहू या का? यादी फ्लेक्सवर जाणार आहे." मी म्हटलं, "सर, कंडक्टरच लिहा. फ्लेक्सवर मावतं ते." ते हसले, आणि जरा मोकळे होऊन म्हणाले, शनिवारी या की मग, दहावीच्या पोरांशी बोला. मी येते म्हटलं. शनिवार होऊन गेला, मॅडम. आज पुन्हा त्याच बाकावर बसलेय आणि ड्युटीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहून राहिलेय.

तुम्ही नांदेडहून रोज अप-डाऊन करायचात. सकाळची भोकर गाडी फाट्यावर थांबायची, तुम्ही उतरायचात आणि तिथून गावापर्यंतचा दीड किलोमीटर चालत यायचात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत आमच्या विज्ञानाच्या वह्या असायच्या. त्या तुम्ही गाडीतच तपासता, हे आम्हाला तुम्ही केलेल्या बरोबरच्या खुणांवरून कळायचं. काही खुणा नीट असायच्या आणि काही अशा, की लाल शाई पार समासाच्या बाहेर गेलेली. आम्ही पोरी वह्या शेजारी-शेजारी ठेवून बघायचो आणि म्हणायचो, हिची वही खड्ड्यात तपासली. ते तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "खूण वाकडी असली तरी मार्क सरळच दिलेत." तुमचं रागावणं वेगळ्याच गोष्टींसाठी राखून ठेवलेलं असायचं. दहावीचा निरोप समारंभ मला त्याच्यासाठीच आठवतो. तुम्ही एकेकाला उभं करून विचारताय, पुढं काय करणार. पोरं म्हणतायत पोलीस, मिलिटरी, इंजिनिअर. पोरी म्हणतायत नर्स, शिक्षिका, नाहीतर नुसत्याच हसून खाली बसतायत. मी डॉक्टर म्हणते आणि टाळ्या पडतात. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठतो आणि म्हणतो, "मी शेती करीन." सगळा वर्ग हसतो. मीही हसते. तुम्ही हसणाऱ्यांना एकेक करून उभं केलंत, आणि शेवटी माझ्याकडं बोट केलंत, "तूसुद्धा." उपदेश काही केला नाहीत. चिवडा वाटून होईपर्यंत आम्हाला तसंच उभं ठेवलंत, आणि त्याला मात्र तुमची खुर्ची दिलीत.

निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही घरी आलात. बाबांनी ओसरीवर खुर्ची टाकली होती, पण तुम्ही सरळ आत चुलीपाशी येऊन पाटावर बसलात. माय भाकरी थापत होती. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि तो ठेवायचा कुठं तेच मला सुचत नाही. "लातूर लई लांब हाय मॅडम," बाबा म्हणाले. "पोरीला एवढ्या लांब कामून ठेवायचं? भोकरला कालेज हायच की." तुम्ही म्हणालात, "भोकरला ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण तिला डॉक्टर व्हायचंय, आणि ती तयारी लातूरलाच होते." मग मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तुमच्याकडं न बघताच विचारलं, "मॅडम, तुमी जिम्मा घेता का?" तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. तेवढ्यात ती भाकरी फुगली, मायनं ती काढून टोपल्यात टाकली, आणि मग तुम्ही म्हणालात, "घेते."

मला लातूरला पोचवायला तुम्हीच आलात. आधी नांदेडला, मग तिथून लोहा, अहमदपूर करत चार तास. अहमदपूर सोडल्यावर मला उलटी झाली, तेव्हा तुम्ही माझं कपाळ धरून खिडकीशी बसवलंत आणि स्वतःची ओढणी भिजवून माझ्या तोंडावर फिरवलीत. होस्टेलच्या दारात तुम्ही पिशवीतून बारा पोस्टकार्डं काढलीत. सगळ्यांवर शाळेचा पत्ता तुमच्याच अक्षरात लिहिलेला. म्हणालात, "महिन्याला एक टाक. छान-छान लिहू नकोस. खरं लिही."

पहिलं कार्ड मी खरं लिहिलं. मेसची पोळी आवडत नाही, खोलीत चौघी आहोत, माय आठवते, असं. मग रविवारच्या परीक्षा सुरू झाल्या. क्लासच्या भिंतीवर दर मंगळवारी नंबरांचे कागद लागायचे, आणि गावात पहिली आलेली मी माझं नाव शोधत तिसऱ्या पानावर जायचे. फिजिक्सचे सर इंग्रजीतून शिकवायचे, फळा भरायचा, पुसला जायचा, पुन्हा भरायचा. बाकीच्या मुली माना डोलवायच्या. मीही डोलवायचे. दुसऱ्या कार्डावर मी लिहिलं की परीक्षेत चांगले मार्क पडले. तिसऱ्यावर लिहिलं की फिजिक्स आवडायला लागलंय. एकदा खोटं लिहिलं की पुढचं सोपं जातं, मॅडम, पेन थांबतच नाही. बारा कार्डं संपली आणि मी लिहिणं सोडलं. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही. आणखी एक वर्ष रिपीट केलं, तरी लागला नाही; लागणार नाही हे मला निकालाच्या आधीच कळलं होतं. मी ट्रंक घेऊन गावी परत आले, आणि फाट्यावर उतरले ती मुद्दाम दुपारी, तुम्ही शाळेत असणार त्या वेळेला.

तुम्ही आलात, पंधरा दिवसांनी. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणजे तेवढ्यासाठीच नांदेडहून आला असणार. अंगणात तुमचा आवाज ऐकला आणि मी धान्याच्या खोलीत शिरले. दाराच्या फटीतून तुमची चप्पल दिसत होती, तिच्यावर रस्त्याची धूळ. माय म्हणाली, "मावशीकडं गेलीय नांदेडला." तुम्ही म्हणालात, "मी तिकडूनच आले की." आणि मग, "बरं. आली की मला निरोप द्या. तिच्याकडं काम आहे माझं. लवकर द्या." तुम्ही पाणी पिऊन गेलात. मायनं खोलीची कडी काढली आणि एवढंच म्हणाली, "मला खोटं बोलाय लावलीस." मी निरोप दिला नाही. काम काय असेल याचा विचारसुद्धा केला नाही. मला वाटलं, तुम्हाला जाब विचारायचाय.

पुढं भोकरच्या कॉलेजात बी.ए. केलं, आणि कंडक्टरची भरती निघाली तेव्हा अर्ज भरला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. माय म्हणाली, "गाडी लागायची तुला, गाडीतच काम करतीस व्हय?" नोकरी लागली तशी मी ड्युटी लावणाऱ्या बाबूंच्या मागं लागले, की मला हदगावकडं द्या, नायगावकडं द्या, सकाळची नांदेड-भोकर तेवढी नको. ते म्हणाले, "तिकडं काय भूत हाय का?" मी म्हटलं, "हाव." दोन वर्षं असंच चाललं. मग एका हिवाळ्यात कुणीतरी रजेवर गेलं आणि ती गाडी माझ्या वाट्याला आली.

नांदेडच्या स्टँडवर मी दारातूनच तुम्हाला पाहिलं. तिसऱ्या सीटवर, खिडकीशी, मांडीवर वह्या. मी मागून तिकिटं फाडायला सुरुवात केली, म्हणजे तुमच्यापर्यंत शेवटी पोचेन. अर्ध्यावर आले असेन, तोच मागून एक म्हातारे बाबा ओरडले, "ओ मॅडम, भोकरला किती वाजता पोचंल?" आणि आपण दोघींनी एकदमच मागं पाहिलं. तुमचं पेन हातातच राहिलं. "अगं, तू!" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "पास दाखवा." तुम्ही निमूट पास काढून दाखवलात. मग म्हणालात, "सगळ्यांची तिकिटं कर आणि इथं येऊन बस. मी फाट्यापर्यंत आहे."

मी आले, बसले. मी पाठ करून ठेवलेलं सांगायला लागले, की नापास झाले नव्हते मॅडम, नुसता नंबर लागला नाही, दोनदा. तुम्ही हातानंच थांबवलंत. "ते कळलं होतं मला. त्याचं काही नाही. कार्डावर खोटं कशाला लिहिलंस?"

"तुम्ही जिम्मा घेतला होता," मी म्हटलं.

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. मग सांगितलंत ते मला आज शब्दन्शब्द आठवतं. "ती कार्डं मी पुढच्या दोन्ही दहावींना वाचून दाखवली. ती ऐकून एक पोरगी लातूरला गेली. तिलाही फिजिक्स कळेना. तिला वाटलं, आपल्या शाळेतल्या एकीला कळतं, मग आपल्यालाच डोकं नाही. वर्षात परत आली, घरच्यांनी लगेच स्थळं बघायला घेतली. त्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडं आले होते ना, ती त्याच्यासाठी. तुला घेऊन तिच्या घरी जायचं होतं. म्हटलं, तू तिच्या आईबापासमोर बसून सांगशील, की मलाही कळत नव्हतं."

फाटा आला. तुम्ही वह्या पिशवीत भरल्यात आणि उतरता उतरता म्हणालात, "उद्या हीच गाडी आहे का तुझी?" त्या मुलीचं काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तिचं लग्न त्याच जूनमध्ये झालं होतं. ती आता नायगावकडं असते. पुढं दोनदा माझ्या गाडीत बसली, कडेवर लेकरू होतं. मी तिला तिकीट दिलं. खाकीत तिनं मला ओळखलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर ती गाडी मी मागून घेतली. बाबू म्हणाले, "भूत उतरलं वाटतं." दीड वर्ष आपण सोबत गेलो, मॅडम, आणि तुमच्या वर्गात तीन वर्षं बसून मला जे माहीत नव्हतं ते त्या सीटवर कळलं. तुम्हाला प्रत्येकाचं ठाऊक होतं. खिडकीतून दाखवायचात, तो वेल्डिंगवाला माझा, तिथल्या दवाखान्यात इंजेक्शन देते ती माझी, तो पुण्याला कंपनीत होता, बापाला लकवा झाला म्हणून परत आला, आता झेरॉक्सचं दुकान टाकलंय. कुणाचं बिघडलंय तेही सांगायचात, आवाज न बदलता. शेती करीन म्हणणारा तो मुलगा एकदा गाडीत चढला. आता अंगानं भरलेला, हळदीचं बेणं घेऊन निघालेला. त्यानं तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, ही माझ्यावर हसली होती बगा." तुम्ही म्हणालात, "मग उभीही राहिली होती." "आता रोजच उभी हाय," तो म्हणाला, आणि आपण तिघंही इतके हसलो की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

त्याच वर्षी तुम्ही मला बोलावलंत. जानेवारी असेल. वह्या बाजूला ठेवून म्हणालात, "निरोप समारंभाला दरवर्षी मी आपल्या शाळेतल्या डॉक्टर, इंजिनिअर झालेल्यांना बोलावते. पोरं टाळ्या वाजवतात. वर्गात चाळीस जण असतात, त्यातले एखाद-दोघं तसे होतात. उरलेल्या अडतीसांना मी कुणाला दाखवू? त्यांना वाटतं, ते नाही झालं की पुढं काहीच नसतं. या वर्षी तू ये."

"मी काय सांगू मॅडम?"

"झालं ते सांग. लातूर, फिजिक्स, कार्डं. आणि मग काय केलंस ते."

"ड्युटी असली तर?"

"नसली तर ये," तुम्ही म्हणालात.

समारंभाच्या शनिवारी सकाळी मी तुम्हाला फोन केला, की ड्युटी लागली, येता येत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं. ड्युटी आधी. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तुम्ही शाळेत नसणार, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मे महिन्यात तुम्ही रिटायर झालात. तिसरी सीट कुणालाही मिळायला लागली. भेटायला येते, येते म्हणत होते, तुमची गल्ली स्टँडपासून दहा मिनिटांवर. मग एका सकाळी तुमच्या शाळेतले एक सर गाडीत चढले आणि पास दाखवता दाखवता म्हणाले, "कळलं का? मॅडम गेल्या काल." मी त्यांचा पास तपासला. मागच्यांची तिकिटं केली. फाट्यावर त्या दिवशी कुणी उतरणारं नव्हतं, ते सरही भोकरला निघाले होते, तरी मी बेल मारली. गाडी थांबली. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं, मी पुन्हा बेल मारली, आणि गाडी निघाली.

परवाच्या शनिवारी मी खाकीतच गेले, कारण दुपारची ड्युटी होती. वर्ग तोच, पत्रे नवीन. पोरींची संख्या आता पोरांएवढी आहे, तुम्हाला बरं वाटलं असतं. नवीन सरांनी ओळख करून दिली आणि मी बोलायला उभी राहिले. गाडीत साठ माणसांपुढं माझा आवाज कधी बसत नाही, इथं पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. पण सांगितलं. मंगळवारचे कागद सांगितले, माना डोलवणं सांगितलं, धान्याची खोली सांगितली. नाव न घेता त्या मुलीचंही सांगितलं. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यामुळं कुणी वाजवल्या नाहीत. मग दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "मॅडम, लातूरला गेल्याचा पस्तावा होतो का तुमाला?"

मी विचार केला. म्हटलं, "जाण्याचा न्हाई होत. कळत नव्हतं तेव्हा कळत न्हाई असं म्हणले नाही, त्याचा होतो."

ती बसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला गणित कळत न्हाई. आठवीपासून." वर्ग हसला. मी काही म्हणायच्या आत तिच्या शेजारची उठली, "मला पण न्हाई." मग मागच्या बाकावरचा एक जण. मग आणखी दोघं. नवीन सर भिंतीला टेकून उभे होते, ते पुढं आले आणि म्हणाले, "अरे, मग मला सांगितलं का नाही?" त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, गणित, रोज, शाळा सुटल्यावर. मला फाट्यावर गाडी धरायची होती, मी निघाले. ती पोरगी शाळेच्या फाटकापर्यंत माझ्यामागं आली.

हे सगळं तुम्हाला कळवावं असं वाटलं. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं असतं की नाही, सांगता येत नाही, कारण एक गोष्ट अजून राहिलीय. वर्गात मी सगळं सांगितलं, फक्त ती नाही सांगितली. तुम्ही बोलावलं होतंत त्या शनिवारी मला ड्युटी नव्हती, मॅडम. माझी सुट्टी होती. तुम्हाला फोन लावायच्या आधी मी शेजारच्यांच्या अंगणात गेले, त्यांचा ट्रॅक्टर चालू होता, आणि डेपोत असल्यासारखं वाटावं म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले.